टक्का जवळपास सारखा, गळती निराळी: भारत आणि दक्षिण आफ्रिका

तुमचा प्रश्न असा: सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी भारत आणि दक्षिण आफ्रिका या दोन देशांत संसर्गजन्य रोगांवरच्या सेवा किती लोकांपर्यंत पोचतात याची तुलना करायची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सार्वत्रिक आरोग्यसेवेच्या निर्देशांकातले आकडे तुम्ही काढलेत, दोन स्तंभ शेजारी उभे केलेत, आणि आता हा फरक खरा आहे हे दाखवायला कोणती सांख्यिकी चाचणी लावू, असं विचारताय. जाता जाता एक वाक्यही लिहिलंय: ‘आमच्या सरांना फक्त कोणता देश पुढे ते हवंय.’

मी वीसेक वर्षं महाराष्ट्रात क्षयरोग आणि एचआयव्हीच्या कार्यक्रमांत काम केलं. मधली दीड वर्षं दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नताल प्रांतात होते. त्यामुळे हे दोन स्तंभ कुणाकुणाच्या नोंदवहीतून उभे राहतात ते जवळून पाहिलंय. चाचणीचं उत्तर छोटं आहे, ते आधी देते: कोणतीही चाचणी लावू नका. हे आकडे म्हणजे दोन नमुन्यांच्या सरासऱ्या नाहीत. कार्यक्रमाच्या नोंदी आणि गणिती प्रारूपं यांच्या मिश्रणातून निघालेले ते राष्ट्रीय अंदाज आहेत. टी-चाचणी लावलीत तर पी-मूल्य (फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे सांगणारा आकडा) येईलही, पण त्याला अर्थ नसेल. त्यापेक्षा मूळ अंदाजाबरोबर दिलेली खालची आणि वरची मर्यादा आलेखात दाखवा. बऱ्याच ठिकाणी दोन देशांच्या पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या दिसतील आणि ‘कोण पुढे’ हा प्रश्न तिथेच ढिला पडेल.

माझ्या मते तुम्ही विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. शंभर रुग्ण धरले तर सेवा हातात पडेपर्यंत कुठल्या टप्प्यावर किती जण गळतात? आणि ते ‘शंभर’ मुळात कुणी, कसे मोजले? व्याप्तीचा टक्का म्हणजे शाळेतला साधा अपूर्णांक, वर अंश (सेवा मिळालेले) आणि खाली छेद (सेवेची गरज असलेले सगळे). आपण सगळे अंशाकडे बघतो, कारण तो आपल्या रजिस्टरमध्ये असतो. या विषयात मी सगळ्यात जास्त घोटाळे पाहिले ते छेदात.

एचआयव्हीपासून सुरू करते, कारण तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. दोन्ही देशांनी सरकारी दवाखान्यांत मोफत एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी, कायम घ्यायची औषधं) सुरू केली ती एकाच महिन्यात, एप्रिल २००४ मध्ये. भारतात सुरुवात झाली ती महाराष्ट्र, तामिळनाडू, आंध्र प्रदेश, कर्नाटक, मणिपूर आणि नागालँड ही सहा राज्यं आणि दिल्लीत. मुंबईचं जे. जे. रुग्णालय अगदी पहिल्या केंद्रांपैकी एक. दक्षिण आफ्रिकेत त्याआधी लोकांना लढावं लागलं. बाळाला आईकडून एचआयव्ही जाऊ नये म्हणून गरोदर बायकांना नेव्हिरापिन हे औषध द्या यासाठी ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ ही संघटना कोर्टात गेली आणि २००२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सरकारला ते द्यायला लावलं. त्याच सुमारास, २००१ मध्ये, मुंबईच्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीवरच्या तीन औषधांचं मिश्रण एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं आणि जगभरचे भाव कोसळले. म्हणजे या दोन देशांची तुलना तुम्ही उगाच निवडलेली नाही. पुढे निदान झालं की सीडी४ (रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींची मोजणी) न बघता थेट उपचार, हे धोरण दक्षिण आफ्रिकेत सप्टेंबर २०१६ मध्ये आलं आणि भारतात एप्रिल २०१७ मध्ये. वेळापत्रक इतकं जवळचं असताना निकाल कसे आले ते बघा.

एचआयव्हीच्या कार्यक्रमात तीन आकडे एका दमात सांगतात: बाधितांपैकी किती जणांना आपली स्थिती माहीत आहे, माहीत असलेल्यांपैकी किती जण उपचारावर आहेत, आणि उपचारावर असलेल्यांपैकी किती जणांच्या रक्तातला विषाणू दबलेला आहे. भारताचे २०२३ चे आकडे ८१-८८-९७. दक्षिण आफ्रिकेने २०२५ च्या सुरुवातीला सांगितलेले ९६-७९-९४. (तुमच्या तक्त्यात मात्र दोन्हीकडचं एकच वर्ष घ्या. मी इथे फक्त रीत दाखवतेय.)

आता कागद घ्या आणि गुणाकार करा. भारतातले १०० बाधित घेतले तर ८१ जणांना माहीत आहे, त्यांच्यातले ७१ उपचारावर आहेत, आणि ६९ जणांचा विषाणू दबलेला आहे. दक्षिण आफ्रिकेतले १०० घेतले तर ९६ जणांना माहीत आहे, ७६ उपचारावर आहेत, आणि ७१ जणांचा विषाणू दबलेला आहे. शेवटचा आकडा ६९ आणि ७१. तुमच्या स्तंभालेखात हे दोघं जुळे भाऊ दिसतील.

पण आत बघा. भारतात १९ जणांना माहीतच नाही आणि माहीत असून उपचारावर नसलेले १० आहेत. दक्षिण आफ्रिकेत माहीत नसलेले फक्त ४, आणि माहीत असून उपचाराबाहेर असलेले २०. एकीकडे तपासणीच्या दारातच माणसं अडतात, दुसरीकडे दार ओलांडून आत आलेली माणसं मागच्या दाराने निघून जातात. दोन देशांना लागणारं काम पूर्ण वेगळं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्य खात्याने ११ लाख लोकांना उपचारावर आणायची मोहीम जाहीर केली तेव्हा तिचा रोखही स्थिती माहीत असलेल्यांना परत आणण्यावर होता.

हे असं का, यात परिस्थितीचा भाग मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. दक्षिण आफ्रिकेत २०२२ च्या घरोघरच्या पाहणीनुसार सुमारे ७८ लाख लोकांना एचआयव्ही आहे, लोकसंख्येच्या १२.७ टक्के. तिथे दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला तपासणी सुचवणं साहजिक आहे आणि परवडतंही. भारतात सुमारे २५ लाख बाधित आहेत, म्हणजे प्रौढांमध्ये ०.२ टक्के. सरसकट तपासणी केली तर हजारो नकारात्मक अहवालांमागे दोन-तीन माणसं सापडतील. म्हणून आपण गरोदर माता, क्षयरोगाचे रुग्ण, जोखमीच्या गटांतले लोक यांच्यापाशी तपासणी केंद्रित केली. या गटांत न बसणारा माणूस, समजा एखादा पन्नाशीचा शेतकरी, वर्षानुवर्षं निसटतो. तिथले ९६ हे सगळं कर्तबगारीचं नाही आणि आपले ८१ हे सगळं हलगर्जीपणाचं नाही.

मागच्या दाराचं एक उदाहरण सांगते. क्वाझुलू-नतालमध्ये एका ग्रामीण दवाखान्यात मी नोंदी तपासायला बसत असे. पहाटेपासून बाकड्यांवर रांग लागलेली असे. एक बाई सकाळी पाचला आली होती. डर्बनमधली घरकामाची नोकरी सुटली म्हणून ती गावी परतली होती. पिशवीतून तिने गोळ्यांची रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली, तिच्यावर आधीच्या दवाखान्याचं लेबल होतं. तिला सांगण्यात आलं, आधीच्या दवाखान्याचं बदलीपत्र आणा. डर्बनला जाऊन यायचं भाडं तिच्याकडे नव्हतं. दोन महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा मधला काळ औषधाविना गेला होता. यावेळी तिला ‘नवीन रुग्ण’ म्हणून लिहिलं गेलं. म्हणजे डर्बनच्या नोंदीत ती उपचार सोडलेली, आणि इथल्या नोंदीत ती पहिल्यांदाच आलेली. त्या ७९ मध्ये अशा बायका आहेत, आणि त्या ७९ च्या बाहेरही आहेत.

आता छेदाकडे येते. एचआयव्हीबाधितांची एकूण संख्या कुणी घरोघर जाऊन मोजत नाही, ती काढली जाते. दक्षिण आफ्रिकेत २००२ पासून दर काही वर्षांनी घरोघरी रक्त तपासणीसह पाहणी झाली आहे, त्यामुळे त्यांच्या प्रारूपाला पाया भक्कम मिळतो. आपल्याकडे बराच काळ मुख्य आधार होता तो ठरावीक दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायका आणि जोखमीच्या गटांतल्या तपासण्यांचा. २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदा देशपातळीवर घरोघरी एचआयव्हीची तपासणी झाली आणि जुलै २००७ मध्ये भारताचा अंदाज ५० लाखांच्या वरून थेट २५ लाखांवर आला. रुग्ण बरे झाले नव्हते, मेले नव्हते. छेद निम्मा झाला होता. त्या दिवसापर्यंत एआरटीवर असलेली माणसं तेवढीच राहिली आणि व्याप्ती मात्र एका रात्रीत दुप्पट झाली.

क्षयरोगात याच्या नेमकं उलट झालं, आणि ते मी जिल्ह्यात बसून पाहिलं. क्षयरोगाच्या उपचाराची व्याप्ती म्हणजे वर्षभरात नोंदलेले नवे आणि पुन्हा उलटलेले रुग्ण, भागिले त्या वर्षी नव्याने क्षयरोग झाला असावा असा अंदाज असलेले एकूण लोक. २०१४ साठी भारताचा छेद होता २२ लाख. खाजगी बाजारात विकल्या जाणाऱ्या क्षयरोगाच्या औषधांचा हिशेब कुणीतरी मांडला, आणि २०१४ या एका वर्षात सुमारे २२ लाख रुग्णांना पुरेल इतका उपचार फक्त खाजगीत झाला असावा असं दिसलं. त्याला गुजरातच्या राज्य पाहणीची जोड मिळाली. २०१६ च्या जागतिक अहवालात २०१५ चा छेद २८ लाख झाला. आपली व्याप्ती तीन चतुर्थांशाच्या आसपास होती ती साठ टक्क्यांच्या खाली गेली. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात आम्ही आदल्या वर्षीपेक्षा जास्त रुग्ण शोधले होते. आढावा बैठकीत ‘व्याप्ती घसरली कशी’ असा जाब विचारला गेला तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या पर्यवेक्षकाचे डोळे भरून आले होते. भर उन्हात मोटारसायकलवर वाड्यावस्त्या पालथ्या घालणारा तो माणूस. तुमच्या कालरेषेत २०१४ आणि २०१५ च्या मध्ये खड्डा दिसला तर त्याला ‘कामगिरी खालावली’ असं कृपया लिहू नका.

म्हणून दोन देशांत क्षयरोगाची व्याप्ती तोलताना पहिली चौकशी ही करा, की छेद कशावर उभा आहे. दक्षिण आफ्रिकेची पहिली राष्ट्रीय क्षयरोग पाहणी २०१७ ते २०१९ मध्ये झाली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिने लाखामागे ८५२ असं प्रमाण दाखवलं, तोवरच्या अंदाजाहून जास्त. सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना खोकला, ताप, घाम, वजन घटणं यातलं कोणतंच लक्षण जाणवत नव्हतं, ते छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. भारताची पाहणी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. तिचं प्रमाण लाखामागे ३१६. आणि तिच्यातला मला सगळ्यात बोचणारा आकडा हा की लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठल्याही डॉक्टरकडे गेलेच नव्हते. या पाहण्या कोविडच्या आजूबाजूच्या आहेत आणि पंधरा वर्षांखालची मुलं त्यांत धरलेली नाहीत, हेही तळटीपेत येऊ द्या.

क्षयरोगात अंशही दोन देशांत सारखा नसतो. दक्षिण आफ्रिकेत क्षयरोगाचा उपचार जवळपास सगळा सरकारी दवाखान्यांत होतो. तपासण्या राष्ट्रीय प्रयोगशाळा सेवेकडून होतात आणि २०११ पासून त्यांनी थुंकीच्या काचपट्टीऐवजी जीनएक्सपर्ट (जंतूची जनुकं शोधणारी यंत्रावरची तपासणी) देशभर नेलं. प्रयोगशाळेत पॉझिटिव्ह आलेला माणूस उपचाराच्या नोंदीत आला की नाही हे त्यांना जुळवून बघता येतं. आपल्याकडे रुग्ण आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. १९९१ मध्ये मुंबईत शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयरोगाचं औषध लिहायला सांगितलं तर ऐंशी वेगवेगळ्या पद्धती निघाल्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तशाच अभ्यासात १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळ्या पद्धती लिहिल्या. हे रुग्ण उपचार घेत होते, पण सरकारच्या लेखी ते नव्हतेच. मे २०१२ मध्ये नोंद सक्तीची झाली, निक्षय ही क्षयरोग्यांच्या नोंदीची संगणकीय प्रणाली आली, मार्च २०१४ पासून औषध दुकानदाराला क्षयरोगाच्या औषधांची वेगळी वही ठेवावी लागली, आणि एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये जमा व्हायला लागले, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. नोंद केली तर रुग्णाला काहीतरी मिळतं म्हटल्यावर नोंदी वाढल्या. २०२३ मध्ये एकूण २५.५ लाखांच्या आसपास नोंदी झाल्या, त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश खाजगीतून.

मग ही वाढ म्हणजे सेवा वाढली की लपलेली सेवा दिसायला लागली? दोन्ही. किती कोणतं, ते देशपातळीच्या आकड्यावरून सांगता येणार नाही. मी तुमच्या जागी असते तर सरकारी आणि खाजगी नोंदी दोन वेगळ्या रंगांत दाखवल्या असत्या. दक्षिण आफ्रिकेच्या स्तंभात दुसरा रंग जवळजवळ दिसणारच नाही, आणि तीच तुलना बोलकी आहे.

नोंदी दुप्पट होण्याचाही धोका असतो. बीडकडच्या एका ऊसतोड मजूर बाईचं नाव मी निक्षयमध्ये दोनदा पाहिलं. गावाकडे तिची नोंद वडिलांच्या नावाने झाली होती, कारखान्यावर नवऱ्याच्या नावाने. आधार जोडायचं राहून गेलं होतं. तिला भेटायला आम्ही फडावर गेलो. कोपीत हळदीच्या डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या नीट उभ्या करून ठेवलेल्या, एकही चुकवलेली नव्हती. ‘दवाखान्यात का नाही आलात?’ विचारलं तर म्हणाली, ‘खाडा पडला की मुकादम कापतो, ताई. उचल फिटायची अजून.’ दोन्ही जिल्ह्यांच्या अंशात ती होती, म्हणजे एका बाईचे दोन रुग्ण झाले होते. गावच्या नोंदीत शेवटी तिला ‘उपचार सोडला’ असा शेरा मिळाला. डर्बनहून परतलेल्या त्या बाईची मला आठवण झाली. कामासाठी फिरणाऱ्या माणसाला दोन्ही देशांची वही सारखीच चुकवते.

इथे एक तांत्रिक गोष्ट पक्की करून घ्या. क्षयरोगाची व्याप्ती दोन प्रकारे मांडलेली आढळते: निदान होऊन उपचार सुरू झालेले, आणि निदान होऊन उपचार यशस्वी झालेले. तुमच्या आकड्यात कोणती आहे ते त्या वर्षीच्या व्याख्येत वाचा. भारतात उपचार यशस्वी होण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या वर आहे, दक्षिण आफ्रिकेत ८० च्या आसपास, कारण तिथे क्षयरोगाच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना एचआयव्हीही असतो आणि मृत्यू जास्त होतात. व्याख्या बदलली तर क्रमही बदलू शकतो. निरनिराळ्या वर्षांच्या अहवालांतले आकडे एकत्र जोडू नका. प्रत्येक नव्या अहवालात मागची सगळी वर्षं पुन्हा मोजलेली असतात, म्हणून एकाच अहवालातली पूर्ण मालिका घ्या.

एचआयव्ही आणि क्षयरोग हे निर्देशांकातल्या संसर्गजन्य रोगांच्या गटाचे दोन घटक झाले. तिसरा घटक ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटलं असेल: शौचालय. संसर्गजन्य रोगांच्या गटात किमान स्वच्छता सुविधा धरतात, आणि तिची व्याख्या कडक आहे. शौचालय चांगलं तर हवंच, पण ते दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घेतलेलं नसावं. गिरगाव-परळच्या चाळीत गॅलरीच्या टोकाला असलेलं, चार बिऱ्हाडांनी कुलूप लावून, पाळी ठरवून झकास ठेवलेलं शौचालय या व्याख्येत ‘मर्यादित’ ठरतं. ते व्याप्तीत धरलं जात नाही. डर्बनच्या झोपडवस्त्यांत महापालिकेने कंटेनरमध्ये बसवलेली सामाईक न्हाणीघरं आणि शौचालयं आहेत, तीही याच कारणाने बाहेर राहतात. २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला, आणि २०१९-२१ च्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत ७०.२ टक्के लोक न वाटून घेतलेलं सुधारित शौचालय वापरणाऱ्या घरांत राहत होते. यावरून खूप भांडणं होतात, पण दोन्ही आकडे वेगळी गोष्ट मोजतात. प्रकल्पात व्याख्या एका ओळीत लिहा आणि पुढे जा. एवढं मात्र ध्यानात असू द्या, की हा घटक आरोग्य खात्याच्या हातात नाही. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याने जिवाचं रान केलं तरी हा आकडा हलत नाही.

चौथा घटक कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाणीचा. तो फक्त सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या, मलेरियाचा भार मोठा असलेल्या देशांसाठी धरतात. भारताला तो लागू नाही. म्हणजे गडचिरोलीत आशाताईंनी घरोघर वाटलेली मच्छरदाणी या निर्देशांकात कुठेच दिसत नाही. दक्षिण आफ्रिकेत मलेरिया लिम्पोपो, म्पुमलांगा आणि क्वाझुलू-नतालच्या उत्तर टोकापुरता आहे आणि तिथला भर घरांच्या भिंतींवरच्या फवारणीवर आहे. हे दोन देश सोडून उद्या तुम्ही टांझानिया घेतलात तर तीन घटकांचा आकडा चार घटकांच्या आकड्याशेजारी बसेल. तेव्हा जपून.

आता हे घटक एकत्र कसे होतात ते. साधी सरासरी नाही, गुणोत्तर मध्य घेतात: तीन घटकांचा गुणाकार आणि त्याचं घनमूळ. ९५, ९५ आणि ३० यांची साधी सरासरी ७३ येते, गुणोत्तर मध्य ६५ च्या आसपास येतो. एक घटक मागे पडला की तो सगळ्यांना खाली ओढतो, आणि मला ही पद्धत योग्य वाटते, कारण एचआयव्हीच्या चांगल्या कामाने क्षयरोगाचं वाईट काम झाकलं जाऊ नये. खटकतं ते वजन. तिन्ही घटकांना सारखं वजन आहे. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही प्रत्येक कुटुंबाचा प्रश्न आहे, त्याला एक तृतीयांश वजन समजू शकतं. भारतात १४० कोटींच्या देशाच्या संसर्गजन्य रोगांच्या आकड्याचा तिसरा हिस्सा २५ लाख लोकांवर ठरतो, आणि डेंगी, काळा आजार, कुष्ठरोग, हत्तीरोग, हिपॅटायटिस यांचा त्यात मागमूस नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे हत्तीरोगाच्या गोळ्या समोर उभं राहून खाऊ घालायला कार्यकर्ते वर्षानुवर्षं दारोदार जातात. त्या मेहनतीचा या निर्देशांकात शून्य हिशेब आहे. म्हणून ‘संसर्गजन्य रोगांच्या सेवांची व्याप्ती’ असं मोघम शीर्षक देऊ नका. क्षयरोग, एचआयव्ही आणि स्वच्छता असं सरळ लिहा.

आत्तापर्यंतचं एका दमात: चाचणी नको, एकत्रित आकडा फोडून घटक वेगळे करा, प्रत्येक घटकाचा छेद कुठून आला ते लिहा, अंशात कोण दोनदा आलं आणि कोण आलंच नाही ते विचारा.

आता प्रकल्प प्रत्यक्ष कसा करावा. माझी पहिली सूचना अशी की संपूर्ण भारत आणि दक्षिण आफ्रिका ही जोडी मुख्य ठेवली तरी शेजारी महाराष्ट्र घ्या. दक्षिण आफ्रिकेची लोकसंख्या ६ कोटींच्या थोडी वर आहे, महाराष्ट्राची त्याच्या दुप्पट. मिझोराममध्ये प्रौढांतलं एचआयव्हीचं प्रमाण २.७ टक्क्यांच्या आसपास आहे आणि देशाचं ०.२. अशा देशाची सरासरी कुणाचंच खरं चित्र दाखवत नाही. महाराष्ट्रात एचआयव्हीबाधितांची संख्या देशात सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, खाजगी डॉक्टर भरपूर आहेत, मुंबईसारखं शहर आहे आणि ऊसतोडीसारखं स्थलांतरही आहे. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नताल आणि वेस्टर्न केप हे दोन प्रांत तसेच वेगळे काढता येतात. राज्य आणि प्रांत पातळीवर अंदाजाची पट्टी रुंदावते, ती लपवू नका.

तक्ता करताना आडव्या ओळींत टप्पे घ्या: अंदाजित रुग्ण, निदान झालेले, उपचार सुरू झालेले, उपचारावर टिकलेले, यशस्वी किंवा विषाणू दबलेले. उभ्या स्तंभांत दोन देश आणि त्यांचे राज्य-प्रांत. टक्क्यांआधी माणसांची संख्या लिहा. दक्षिण आफ्रिकेतले उपचाराबाहेरचे २४ टक्के म्हणजे अठरा-एकोणीस लाख माणसं. भारतातले २९ टक्के म्हणजे सात लाखांहून थोडी जास्त. टक्का भारताचा वाईट आहे, माणसं तिकडची अडीचपट आहेत. हे दोन्ही तुमच्या सरांना एकाच पानावर दिसलं पाहिजे.

प्रत्येक आकड्याशेजारी दोन बारीक रकाने ठेवा: वर्ष, आणि छेदाचा आधार काय (घरोघरची पाहणी, दवाखान्यातली तपासणी, की नुसतं प्रारूप). २०२५ नंतरचे दक्षिण आफ्रिकेचे आकडे वापरणार असाल तर आणखी एक सावधगिरी हवी. त्यांच्या एचआयव्ही कार्यक्रमाचा बहुतेक खर्च त्यांचं सरकारच करतं, पण सुमारे १७ टक्के अमेरिकेच्या मदतीतून येत होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती मदत थांबवली गेली. त्या पैशावर समुपदेशक होते, आणि नोंदी संगणकात भरणारी माणसंही होती. माझ्याबरोबर त्या ग्रामीण दवाखान्यात काम केलेल्या दोघी जणी त्यांतल्याच. पुढे एखाद्या तिमाहीत आकडा घसरलेला दिसला तर रुग्ण कमी झाले, सेवा कमी झाली, की भरणारे हात कमी झाले, हे तुम्हाला वेगळं शोधावं लागेल. त्यासाठी त्याच काळात प्रयोगशाळेत झालेल्या विषाणूमापन तपासण्यांची संख्या शेजारी ठेवून बघा. नोंद राहून गेली तरी रक्ताची नळी प्रयोगशाळेत गेलेली असते.

आणि महाराष्ट्राच्या रकान्यात एखाद्या टप्प्याचा आकडा मिळाला नाही तर तो चौकोन रिकामा ठेवा. संपूर्ण भारताचा टक्का आणून तिथे भरू नका. मी परीक्षक म्हणून बसले तर आधी त्या रिकाम्या चौकोनाबद्दलच विचारीन, आणि तो का रिकामा आहे हे तुम्हाला सांगता आलं तर पुढचे प्रश्न आपण निवांत बोलू.